ढाळ तोच, खुंटी निराळी

आत्याबाई,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले, आणि कालपर्यंत तुमच्या घरात दोन माणसं मुक्यानं राहत होती. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, तुमचे चिरंजीव परवा सकाळच्या मोटारीनं किरनापूरला कामावर गेले. उरलो मी आणि मामाजी, म्हणजे सून आणि सासरा. मी स्वयंपाकघराच्या दारातून ताट पुढं सरकवायची. ते खाली मान घालून अर्धंमुर्धं जेवायचे आणि उठायचे. पोट बिघडलं आहे, भूक मेली आहे, की माझ्या हातचं घशाखाली उतरत नाही, हे कळायला मला मार्ग नव्हता. पूर्वी मी तुम्हाला विचारलं असतं. तुम्ही ओसरीवर गेला असतात आणि परत येऊन त्यांनी न सांगितलेलंसुद्धा सांगितलं असतं.

सुनेनं सासऱ्यासमोर पदर घ्यायचा, तोंड उघडायचं नाही, आणि सासऱ्यानंही तिच्याशी थेट बोलायचं नाही, ही आपल्याकडची रीत. शाळेत साठ पोरींना एका हाकेत गप्प करणारी मी, घरी या माणसाशी तेरा वर्षांत कालपर्यंत एक शब्द बोललेली नव्हते. एखादं लेकरू असतं तर त्याच्या तोंडून निरोप गेले असते. ते झालं नाही, आणि त्यावरून तुम्ही मला एका शब्दानं कधी टोचलं नाही, हे आज इथंच लिहून ठेवते. सांगायचं इतकंच, की तुमच्या माघारी या घरातलं टपाल बंद पडलं होतं. मी हे आमच्या मुख्याध्यापिका बडी बहनजींना शाळेत सांगितलं तर त्या आधी हसल्या, मग त्यांनीच डोळे पुसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे मी तुमच्याशेजारी बसून मोठ्यानं वाचते आहे असं समजा.

मी आले तेव्हा तुम्ही मला नावानं हाक मारली नाही. ‘गोंदियावाली’ म्हणालात, आणि तेच नाव चिकटलं. छप्पन साली राज्यांची सीमा ठरली, गोंदिया तिकडं मुंबई राज्यात गेलं, आपलं बालाघाट इकडं मध्य प्रदेशात राहिलं. छोट्या लाइनच्या, अरुंद रुळांवरच्या गाडीला ते कुणी कळवलं नसावं, कारण ती पूर्वीसारखीच धापा टाकत मला इकडं घेऊन आली. माझ्यापाशी दोन पेट्या होत्या आणि मराठीतून दिलेली मॅट्रिक, जिच्यात मी गणितात नापास झालेली. हे लग्न ठरताना कुणी लपवलं नव्हतं. सासरा गणिताचा मास्तर आणि सून गणितात नापास, यावर मांडवात बरीच मजा झाली होती. हसणाऱ्यांत मीही होते, पण ते मला लागलं होतं.

म्हणून गल्लीतल्या बडी बहनजी जेव्हा म्हणाल्या, की मुलींच्या शाळेत गणिताला बाई मिळत नाही, तेव्हा मी लगेच हात वर केला. त्या म्हणाल्या, ‘‘गणित लेकर हायर सेकेंडरी पास हो जाओ, जुलाई में जगह दिलवाती हूँ. नहीं हुईं तो मुझे कोई और देखनी पड़ेगी.’’ तुम्ही तो निरोप ओसरीवर नेलात.  मग तुम्ही परत आलात.

‘‘मास्तर म्हणतेत, एक डाव. पास झाली तं शाळा. नाई झाली तं पुन्हा नाव काढाचं नाई.’’

‘‘आणि शिकवतील ना?’’ मी विचारलं.

‘‘शिकवतीन. पण तुले कसे शिकवतीन? मले शिकवतीन, अन् मी तुले सांगीन.’’

तुम्ही हे इतक्या सहज म्हणालात, जणू किरनापूरहून वांगी आणायची होती. तुम्हाला शंभरपर्यंत आकडे येत होते आणि अक्षर एकही येत नव्हतं. तुमच्या हातून मला रेषांची समीकरणं शिकायची होती, आणि तीही हिंदीतून, कारण इकडचे पेपर हिंदीत निघत.

आपली शाळा अशी भरे: मामाजी शाळेतून आले, हातपाय धुऊन ओसरीवरच्या बाजेवर बसले, की मी चुलीजवळ पाटी घेऊन बसायची. दिवसभर पोरांवर ओरडून त्यांचा घसा बसलेला असे, त्यामुळं घरी ते अगदी हळू बोलत. ओसरीवरचा शब्द मला ऐकू येत नसे. ते एका पाटीवर गणित लिहीत, तुम्ही ती आणून द्यायचात. मी दुसऱ्या पाटीवर सोडवी, तुम्ही ती न्यायचात. मग ते तुम्हाला काहीतरी सांगत आणि तुम्ही ते मला सांगायचात. मधल्या खोलीतून तुमच्या इतक्या खेपा होत, की शेजारीण विचारायची, घरात कोणी आजारी आहे का म्हणून.

विषय होता एका रेषेला समांतर अशा दुसऱ्या रेषेचं समीकरण काढण्याचा. समजा तीन एक्स अधिक दोन वाय बरोबर बारा, अशी एक रेषा दिली. तिला समांतर अशी दुसरी रेषा काढायची, जी अमुक एका बिंदूतून जाते. मामाजींचा निरोप यायचा, ‘‘मास्तर म्हणतेत, ढाळ तोच ठेवाचा.’’ ढाळ म्हणजे रेषेचा उतार किंवा चढ. मी तीन भागिले दोन असा ढाळ काढायची, आणि पुढचं सगळं नेटकं करून पाटी तुमच्या हातात द्यायची. थोड्या वेळानं पाटी परत यायची, स्वच्छ पुसलेली, आणि तुम्ही हसत म्हणायचात, ‘‘शाब्बास म्हणतेत. दुसरं घे म्हणतेत.’’

एकदा मी विचारलं होतं, पाटी पुसून काहून आणता? तुम्ही म्हणालात, ‘‘बरोबर आलं तं ठेवून काय कराचं? लोणचं घालाचं?’’

दोन महिने रोज मला शाब्बासकी मिळाली, आत्याबाई. मांडवात हसलेल्या सगळ्यांना मनातल्या मनात मी जाब विचारत होते. पोळ्या लाटताना गुणगुणत होते. एकदा तर तुम्ही सांगितलंत, ‘‘मास्तर म्हणतेत, माह्या शाळेतल्या पोराइले असं येत नाई.’’ त्या दिवशी मी भातात दोनदा मीठ टाकलं आणि कुणी काही बोललं नाही.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. शनिवारी तुमचे चिरंजीव किरनापूरहून आले, ओसरीवर वडिलांशी बोलत बसले आणि लांब तोंड करून आत आले.

‘‘बाबा म्हणतेत, हिले नाई जमत. दोन महिने झाले, एकच चूक करून राह्यली. रोज सांगतो तं आयकत नाई म्हणतेत. जाऊ दे आता, जिवाले त्रास नको करून घेऊ.’’

मी हसलेच. ‘‘तुम्ही काहीतरी उलटं ऐकलं. मला रोज शाब्बास म्हणतात.’’

‘‘शाब्बास? बाबा? मले जलमात कधी शाब्बास नाई म्हटलं त्यायनं!’’

मग आम्ही दोघांनीही तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही तांदूळ निवडत होतात. सुपात एकही खडा उरला नव्हता, तरी तुम्ही वेचत होतात.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मामाजी रोज माझ्या पाटीवर मोठी फुली मारत होते आणि फुलीशेजारी ‘चिन्ह’ असा शब्द लिहीत होते. ती फुली मधल्या खोलीत पोचली की तुम्ही पदरानं पुसत होतात, आणि शब्दही तिच्यासोबत जात होता. तिकडं ते विचारत, ‘‘समजलं का तिले?’’ आणि तुम्ही सांगायचात, ‘‘हौ म्हणते.’’ म्हणजे त्यांच्या लेखी मी हट्टी होते, माझ्या लेखी मी हुशार होते, आणि खरं काय ते एकट्या तुमच्या पदराला ठाऊक होतं.

मी त्या दिवशी फार वाईट बोलले. म्हटलं, माझी सगळी खटपट तुम्ही मातीत घातली. म्हटलं, अडाणी माणसाच्या हाती निरोप दिला की असंच होणार. तुमचे चिरंजीव ‘अव, अव’ करत मध्ये पडले, तरी मी थांबले नाही. तुम्ही सूप बाजूला ठेवलं, आणि म्हणालात, ‘‘आमच्या गावात महामारी आलती तवा, ज्या घरची मानसं मेली त्या घराच्या दारावर चुन्याची फुली काढत. मी सात वर्साची होती. माह्या मावशीच्या दारावर होती तसी. मी फुली नाई देत लेकीच्या हातात.’’

सुनेच्या हातात असं तुम्ही म्हणाला नाहीत. माझं भांडण तिथंच विझलं, पण माफी मागायला तोंड उघडेना. तीन आठवडे राहिले होते आणि मला फक्त माझी परीक्षा दिसत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. न्याहारी झाली आणि तुम्ही हातोडा, एक लांब खिळा आणि तारेचं भेंडोळं घेऊन अंगणात उतरलात. आपली कपडे वाळत घालायची तार स्वयंपाकघराच्या भिंतीपासून जांबाच्या झाडापर्यंत होती. भिंतीकडं उंच आणि झाडाकडं खाली, कारण झाडाची फांदी जिथं होती तिथं होती. तिच्याखाली फडक्या-टॉवेलांसाठी दुसरी तार हवी, असं तुम्ही वर्षभर म्हणत होतात. मध्ये वालाच्या वेलासाठी रोवलेली एक बल्ली, म्हणजे लाकडाचा खांब होता.

‘‘मास्तर,’’ तुम्ही मोठ्यानं म्हणालात, मला ऐकू यावं म्हणून, ‘‘माह्या तारेचं गणित घाला. नवी तार जुनीच्या बरोबरीनं जाली पाह्यजे अन् त्या बल्लीच्या टोकावर टेकली पाह्यजे. भिंतीत खुंटी कुठं ठोकू?’’

‘‘तारेचं काय गणित असते?’’

‘‘तुमचं सारं गणित रेघाइचं. तार काय रेघ नाई का?’’

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मामाजी उठले. तुमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी बायकोला काही समजावून सांगायला अंगणात उतरायचा तो पहिलाच प्रसंग असावा. त्यांनी हातानं मापं घेतली. भिंत म्हणजे उभा अक्ष, जमीन म्हणजे आडवा. जुनी तार भिंतीवर पाच हात उंच, आणि भिंतीपासून चार हात दूर गेलं की एक हात खाली येते. त्यांनी पाटीवर लिहिलं, एक्स अधिक चार वाय बरोबर वीस. बल्ली भिंतीपासून चार हातांवर आणि तीन हात उंच. ते परत ओसरीवरच्या बाजेवर बसले आणि तुम्ही पाटी मला खिडकीतून दिलीत.

मी सोडवलं. एक भागिले चार हा ढाळ, बल्लीचं टोक घातलं, उत्तर आलं दोन हात. पाटी तुमच्याकडं दिली. तुम्ही ती ओसरीकडं नेलीच नाही.

‘‘पैले खुंटी, मंग मास्तर,’’ म्हणालात. ‘‘किती हात?’’

‘‘दोन.’’

तुम्ही गुडघ्यावर बसून जमिनीपासून दोन हातांवर खिळा ठोकलात. तार बांधली, बल्लीच्या टोकावरून ओढली आणि तशीच सरळ पुढं नेलीत. ती वर चालली. वर, आणखी वर. बल्ली आणि झाडाच्या मध्ये कुठंतरी ती जुन्या तारेला भिडली. तुम्ही मागं हटला नाहीत. स्टुलावर चढून वरच्या फांदीला तार घट्ट बांधलीत, मग बादलीतलं मामाजींचं ओलं धोतर एका तारेवर टाकलंत आणि तुमचं लुगडं दुसऱ्या तारेवर. वारा आला आणि दोन्ही मिळून असा गुंता झाला, की मामाजी बाजेवर बसून हसायला लागले. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं, बसलेल्या घशातून येणारं, खोकल्यासारखं.

‘‘हे बरोबरीनं जाणं झालं का?’’ तुम्ही खिडकीला विचारलंत.

‘‘नाही.’’

‘‘तिले विचार,’’ मामाजी म्हणाले, आणि या वेळी खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं, ‘‘जुनी तार भिंतीपासून झाडाकडं जाताना चढते का उतरते?’’

‘‘चढते का उतरते?’’ तुम्ही.

‘‘उतरते.’’

‘‘मंग तुनं चढवली काहून?’’

आत्याबाई, त्या क्षणी मला माझं हरवलेलं चिन्ह दिसलं. ढाळ एक भागिले चार नव्हताच, उणे एक भागिले चार होता. एक्स पलीकडं नेताना मी त्याची खूण तिथंच विसरत होते. मॅट्रिकमध्येही तेच केलं होतं, इथंही दोन महिने तेच. इतकी लहान आडवी रेघ, आणि माझं आख्खं नशीब तिच्यावर लटकलेलं होतं.

‘‘तिले सांग,’’ मामाजी पुढं म्हणाले, ‘‘खरं तं इतकंही कराचं काम नाई. डाव्या बाजूले हातच लावू नको म्हणा. एक्स अधिक चार वाय तसंच राहू दे. उजवीकडचा आकडा तेवढा बदलते. तो किती, ते बिंदूलेच विचार म्हणा.’’

‘‘कोणाले विचार?’’

‘‘बल्लीच्या टोकाले.’’

तुम्ही बल्लीकडं गेलात, कमरेवर हात ठेवलेत आणि खरोखरच विचारलंत, ‘‘काय व बल्ली, खुंटी कुठं ठोकू?’’

मी खिडकीत बसून पाटीवर घातलं. चार, अधिक चार त्रिक बारा. सोळा. एक्स अधिक चार वाय बरोबर सोळा. भिंतीजवळ एक्स शून्य, म्हणजे वाय चार. ‘‘चार हात!’’ मी इतक्या जोरात ओरडले, की मामाजींनी मान वर केली. तुम्ही लगेच म्हणालात, ‘‘मीच बोलली, मीच.’’  रीत वाचवायला तुम्हाला कितीसा वेळ लागे!

चार हातांवर खिळा ठोकला. तार बल्लीच्या टोकावर टेकून झाडापर्यंत गेली, आणि कुठंही मोजा, दोन्ही तारांमध्ये बरोबर एक हात. तुम्ही मागं सरून डोळे बारीक करून पाहिलंत आणि म्हणालात, ‘‘बस, इतकंच होय? ढाळ तोच, खुंटी निराळी.’’ मामाजींनी पंचवीस वर्षं पोरांना जे फळाभर लिहून शिकवलं, ते तुम्ही चार शब्दांत आटोपलंत. ते ओसरीवरून तुमच्याकडं पाहत राहिले. त्या नजरेचा निरोप मात्र तुम्ही मला सांगितला नाहीत.

त्याच संध्याकाळी तुम्ही त्यांना अट घातलीत. यापुढं फुली नाही. चुकलं तर गोल काढायचा. पंचवीस वर्षं फुल्या मारलेला मास्तर मुकाट्यानं गोल काढू लागला, आणि माझ्या पाट्या न पुसता येऊ लागल्या. पहिल्या आठवड्यात गोलच गोल होते. मग कमी झाले. माझ्या शाळेतल्या पोरींच्या वह्यांत आजही चुकीला गोलच असतो. मध्ये एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ‘‘ये क्या नई पद्धति है?’’ मी म्हटलं, ‘‘जी, घर की है.’’

परीक्षेत तो प्रश्न आला. अगदी तसाच. ‘उस रेखा का समीकरण ज्ञात कीजिए जो दी हुई रेखा के समांतर हो और दिए हुए बिंदु से होकर जाती हो.’  डावी बाजू तशीच उतरवली, बिंदू घातला, उजवीकडचा आकडा काढला, आणि मग उणे चिन्हाकडं तीनदा पाहिलं. ओठ हलत असावेत. देखरेखीच्या बाई जवळ आल्या. ‘‘क्या बोल रही हो?’’ मी म्हटलं, ‘‘कुछ नहीं बहनजी, खूँटी.’’ त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

निकालाचा पेपर आला तेव्हा मामाजींनी तो ओसरीवर उभ्यानंच वाचला. मी मधल्या खोलीच्या दाराआड होते. आकड्यांच्या रांगांवरून त्यांचं बोट खाली गेलं, थांबलं, परत वर गेलं, परत तिथंच आलं. ते तुम्हाला काहीतरी बोलले. तुम्ही आत आलात, माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबलात आणि म्हणालात, ‘‘मास्तर म्हणतेत, शाब्बास.’’

मी तुमच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. दोन महिने तुम्ही मला जी शाब्बासकी दिली होती, ती देताना तुमचा चेहरा जसा असे तसाच आताही होता. हा शब्द त्यांचा होता की तुमचा? पुढं अकरा वर्षं ते माझ्या ओठांवर येत राहिलं आणि मी विचारलं नाही. तुमचा असला तर मला कमी आनंद होणार होता का? नव्हता. तरी विचारायला धीर झाला नाही.

जुलैत मी शाळेत लागले. पहिल्या दिवशी तुम्ही फाटकापर्यंत आलात आणि माझ्या डोक्यावरचा पदर स्वतःच्या हातानं खाली ओढलात. ‘‘तिथं सासरा नाई बसला,’’ म्हणालात. पुढं मी शिकत राहिले, वरचे वर्गही घेऊ लागले, आणि दरवर्षी समांतर रेषांचा धडा आला की तुम्ही विचारायचात, ‘‘माह्यी तार सांगितली का पोरीइले?’’

आपलं ते भांडण मात्र राहूनच गेलं. मी म्हणायची, समांतर रेषा कधी भेटत नाहीत. तुम्ही म्हणायचात, ‘‘दोन्ही तारा एकाच जांबाले बांधल्या ना? मंग झाडात भेटल्याच.’’ मी म्हणायची, एक वर बांधली, एक खाली, भेटल्या कुठं? तुम्ही म्हणायचात, ‘‘झाड तं एकच आहे ना व.’’ मी चिडायची. एकदा मी तुम्हालाच ओसरीवर निकाल मागायला पाठवलं. मामाजींनी निरोप दिला, की झाड मोजायचं नसतं. तुम्ही तो मला सांगितलात, आणि लगेच ओसरीकडं तोंड करून ओरडलात, ‘‘झाड काहून नाई मोजाचं? जांब तं मोजून खाता!’’ दोन गणिताची माणसं एकीकडं आणि तुम्ही एकट्या एकीकडं, तरी तुम्ही कधी हरला नाहीत.

आणि ‘अडाणी’ म्हटल्याची माफी. ती मी मागितलीच नाही, आत्याबाई. दुसऱ्या दिवशी तुम्ही हातोडा घेऊन अंगणात उतरलात आणि ती गोष्ट तिथंच गाडून टाकलीत, म्हणून मीही सोयीस्करपणे विसरले. पुढं मी अनेकदा म्हटलं, मी तुम्हाला अक्षरं शिकवते. तुम्ही हात झटकायचात. ‘‘मले वाचता आलं असतं तं मी तुह्या पाट्या वाचत बसली असती. पुसल्या कोणं असत्या?’’ हसून म्हणायचात, पण मला ते बोचायचं, कारण माझ्या त्या म्हणण्यात प्रेमापेक्षा ती न मागितलेली माफीच जास्त होती. आज मागते. मला तो शब्द बोलायला नको होता. माझ्या ओळखीतल्या शिकलेल्या माणसांत तुमच्याइतकी चलाख कोणी नाही, आणि मी हे मास्तराच्या घरात बसून लिहिते आहे.

आता कालचं सांगते, कारण तेच सांगायला बसले होते.

तुमच्या आजारपणात आठ दिवस मी तुमच्या उशाशी होते. मामाजी मधल्या खोलीच्या दाराशी यायचे, मी दिसले की परत फिरायचे. मी उठून चुलीकडं गेले की आत येऊन तुमच्याजवळ बसायचे, आणि माझी चाहूल लागली की निघून जायचे. मला ते कळत होतं. मी मुद्दाम चुलीवर काम काढायची. पण शेवटच्या दिवशी, दुपारी, तुम्ही माझा हात धरला होता आणि मला तो सोडवून उठवेना. ते दाराबाहेर उभे होते. मला त्यांची सावली दिसत होती. मी उठले नाही, ते आत आले नाहीत, आणि तुम्ही गेलात.

काल रविवार. मी पान वाढलं, सरकवलं आणि दारामागं झाले. ते पानावर बसले, पण हात लावला नाही.  मग त्यांचा तो बसलेला आवाज आला. मी आधी समजले, की ते तुमच्याशीच बोलत आहेत, सवयीनं.

‘‘सूनबाई.’’

मी दाराची चौकट धरली.

‘‘तू होती ना तिच्यापाशी. जाताना काही बोलली का?’’

तेरा वर्षांत त्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य, आत्याबाई, आणि तेही तुमच्याबद्दल. मला त्यांना त्या शाब्बासकीची एक गोष्ट विचारायची होती, अकरा वर्षांपासून. आता विचारता आली असती. ती मी गिळली.

तुमचे शेवटचे शब्द मला पक्के आठवतात. तुम्ही म्हणाला होतात, ‘‘दुधावर झाकण ठेवलं का व?’’ आणि मी ‘हौ’ म्हटलं होतं. त्यानंतर तुम्ही काहीच बोलला नाहीत.

मी पदर सारखा केला. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

‘‘हौ मामाजी, बोलल्या,’’ मी म्हटलं. ‘‘मास्तर जेवले का, म्हणून विचारलं.’’

 दोनदा त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. मग भात कालवला. पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि पान संपेपर्यंत वर पाहिलं नाही.

मग त्यांनी पान थोडं पुढं सरकवलं.

‘‘अजून भात वाढ,’’ ते म्हणाले.